वकिलाविना नागरी हक्कांचा दावा आणि अंतरिम मनाई हुकूम: अमेरिकेतील संघीय न्यायालयांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांत जे स्वतःच स्वतःची बाजू मांडतात, त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. तिथे अशा पक्षकाराला ‘प्रो से’ म्हणतात. आपल्याकडच्या उच्च न्यायालयांत ज्याला ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात, तोच हा माणूस. ओळखीपाळखीतून आलेले असे अनेक अर्ज मी दाखल होण्याआधी वाचले आहेत आणि काही फेटाळले गेल्यानंतरही वाचले आहेत. फेटाळलेल्या अर्जांतले गाऱ्हाणे बहुतेक वेळा खरेच होते. अर्जदाराने मागे काय घडले ते पानेच्या पाने सांगितले होते. पुढे काय घडणार आहे आणि ते थांबवण्यासाठी नेमका कोणता आदेश हवा आहे, एवढे मात्र राहून गेले होते. खालची बरीच उत्तरे याच चुकीशी येऊन थांबतात. ही सर्वसाधारण माहिती आहे, कोणा एकाच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे. प्रत्येक जिल्ह्याचे स्थानिक नियम वेगळे असतात आणि अर्ज दाखल करण्यापूर्वी ते वाचावेच लागतात.

अंतरिम मनाई हुकूम कशासाठी असतो?

दाव्याचा अंतिम निकाल लागायला बराच काळ जातो. त्या काळात प्रतिवादीचे वागणे तसेच चालू राहिले, तर शेवटी निकाल आपल्या बाजूने लागूनही हाती फारसे उरत नाही. म्हणून निकालापर्यंतच्या काळापुरता न्यायालय जो आदेश देऊ शकते, त्याला प्रिलिमिनरी इंजंक्शन म्हणजे अंतरिम मनाई हुकूम म्हणतात. मागच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या विंटर प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की हा असाधारण उपाय आहे आणि तो कोणालाही हक्क म्हणून मिळत नाही.

समजुतीसाठी एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एका लहान शहरातील रहिवासी नगर परिषदेच्या सभेत, नागरिकांना बोलण्यासाठी दिलेल्या तीन मिनिटांत, पोलिसांच्या कारभारावर टीका करतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती नोटीस पडते: एक वर्ष सिटी हॉलच्या आवारात पाऊल ठेवाल तर अटक होईल. पुढची सभा तीन आठवड्यांवर आहे आणि तिच्यात पोलिसांच्या अंदाजपत्रकावर मतदान होणार आहे.

असा दावा कोणत्या कायद्याखाली आणि कोणावर करता येतो?

राज्य, काउंटी किंवा शहराच्या अधिकाऱ्यांनी संविधानाने दिलेला हक्क हिरावला असेल, तर १८७१ च्या कायद्यातून आलेले कलम १९८३ हा मुख्य आधार असतो. केंद्रीय अधिकाऱ्यांना ते लागू होत नाही. खुद्द राज्यावर या कलमाखाली दावा चालत नाही, म्हणून १९०८ च्या एक्स पार्टे यंग निकालाच्या आधारे, ज्या अधिकाऱ्याच्या हाती त्या नियमाची किंवा आदेशाची अंमलबजावणी आहे, त्याच्यावर त्याच्या पदाच्या नात्याने दावा करावा लागतो. शहरावर दावा करता येतो, पण हक्कभंग शहराच्या धोरणातून, रूढ पद्धतीतून किंवा धोरण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयातून झाला, हे दाखवावे लागते. केवळ मनाई हुकूम हवा आहे, पैसे नकोत, म्हणून ही अट सुटत नाही, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. वरच्या उदाहरणात नोटिशीवर सही कोणाची आहे, ती देण्याचा अधिकार त्याला कोणत्या नियमाने मिळाला, हे आधी शोधावे. नाव चुकले तर आदेश अशा माणसाविरुद्ध मागितला जातो, ज्याच्या हाती काहीच नाही.

टीआरओ आणि प्रिलिमिनरी इंजंक्शन यांत फरक काय?

टेम्पररी रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजेच टीआरओ, ही काही दिवसांची तातडीची व्यवस्था आहे. संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम ६५ प्रमाणे ती समोरच्याला न कळवताही मिळू शकते, मात्र समोरच्याचे म्हणणे ऐकेपर्यंतही थांबता येणार नाही असे नुकसान शपथेवरील मजकुरातून स्पष्ट दिसले पाहिजे, आणि समोरच्याला कळवण्याचा कोणता प्रयत्न केला किंवा कळवणे का योग्य नव्हते, हे लेखी द्यावे लागते. न कळवता दिलेला असा आदेश १४ दिवसांत संपतो. योग्य कारण असेल तर तो तेवढ्याच काळासाठी एकदा वाढवता येतो. प्रिलिमिनरी इंजंक्शन मात्र समोरच्याला सूचना दिल्याशिवाय देताच येत नाही, आणि ते सहसा निकालापर्यंत टिकते.

भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ ज्यांना परिचयाचा आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल, आणि तिथेच फसगतही होते. आपल्याकडे प्रथमदर्शनी बाजू आहे असे दाखवले की पहिली पायरी ओलांडता येते. अमेरिकेत शेवटी दावा जिंकण्याचीच शक्यता दाखवावी लागते, आणि ही पायरी बरीच उंच आहे.

माझे मत असे की नोटीस देणे शक्य असेल तर ती द्यावीच. शहराच्या वकिलाला ई-मेल केला, फोन केला, उत्तराची वाट पाहिली, हे तारीख-वेळेसह लिहिलेला अर्ज न्यायाधीश वेगळ्या नजरेने वाचतात.

न्यायाधीश कोणत्या कसोट्या लावतात?

विंटर निकालाने चार गोष्टी सांगितल्या आहेत: दावा यशस्वी होण्याची शक्यता, हुकूम न मिळाल्यास न भरून येणारे नुकसान होण्याची शक्यता, दोन्ही बाजूंच्या सोयी-गैरसोयीचा तोल, आणि सार्वजनिक हित. ते प्रकरण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत नौदलाच्या सोनार सरावाचे आणि त्याने सागरी प्राण्यांना होणाऱ्या इजेचे होते, पण आज तुरुंगातल्या कैद्याच्या अर्जालाही हीच कसोटी लागते. नुकसान ‘होऊ शकेल’ एवढे पुरत नाही, ते ‘होण्याची शक्यता जास्त आहे’ असे दिसले पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे. प्रतिवादी सरकार असेल तर शेवटच्या दोन कसोट्या एकत्रच तपासल्या जातात, असे २००९ च्या न्केन प्रकरणात म्हटले आहे.

सर्व सर्किट न्यायालये, म्हणजे जिल्हा न्यायालयांच्या वरची विभागवार संघीय अपील न्यायालये, ही कसोटी अगदी सारखी वापरत नाहीत. नवव्या सर्किटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन वगैरे राज्यांत, गैरसोयीचा तोल अर्जदाराकडे ठळकपणे झुकत असेल तर दाव्याच्या गुणदोषांबाबत ‘गंभीर प्रश्न’ उभे करणेही पुरू शकते, अर्थात बाकीच्या कसोट्या पूर्ण होत असतील तर. आपला जिल्हा ज्या सर्किटमध्ये येतो, त्याच सर्किटच्या अलीकडच्या निकालातली कसोटी अर्जात लिहावी. प्रत्येक कसोटीला स्वतंत्र मथळा द्यावा. चारांपैकी एकीबद्दल अर्ज गप्प असेल, तर ते मौन अर्जदाराच्या विरोधातच जाते.

‘न भरून येणारे नुकसान’ म्हणजे काय? माझे तर आयुष्यच उद्ध्वस्त झाले आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्याचे दुःख मी कधीही हलके मानत नाही. पण न्यायालयाच्या भाषेत या शब्दांचा अर्थ मर्यादित आहे: असे नुकसान, जे पुढे होणार आहे, लवकर होणार आहे, आणि ज्याची भरपाई नंतर पैशांनी होऊ शकत नाही. गेलेला पगार, भरलेला दंड, वाढलेले भाडे हे सहसा यात बसत नाही, कारण ते निकालानंतर रकमेत मोजता येते.

मागचा अन्याय आणि पुढचा धोका यांतला फरक १९८३ च्या लॉस एंजेलिस विरुद्ध लायन्स या निकालात सर्वांत कठोरपणे दिसतो. वाहतूक नियमभंगासाठी थांबवलेल्या अॅडॉल्फ लायन्स यांचा गळा पोलिसांनी असा आवळला की ते बेशुद्ध पडले. नुकसानभरपाईचा त्यांचा दावा चालू राहू शकत होता, परंतु अशी पकड वापरण्यास मनाई करा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही; त्यांच्यावरच पुन्हा तसा प्रसंग येईल असा खरा आणि नजीकचा धोका त्यांना दाखवता आला नव्हता. हा निकाल मला आजही बोचतो. तरी अर्ज लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, १९७६ च्या एलरॉड विरुद्ध बर्न्स प्रकरणात मान्य केले गेले की पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेले भाषणासारखे स्वातंत्र्य अगदी थोड्या काळासाठी गेले, तरी ते न भरून येणारे नुकसान ठरते. आपल्या उदाहरणातल्या रहिवाशाची ताकद इथेच आहे. ‘माझा अपमान झाला’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या सभेत मतदान आहे, मला तिथे बोलायचे आहे, आणि गेलो तर अटक होईल असे या नोटिशीत लिहिले आहे’ हे तीन तुकड्यांचे वाक्य त्याला कितीतरी पुढे नेते.

एक सावधगिरी: उशीर. नोटीस मिळून सात महिने झाले आणि आता ‘तातडी’ असे लिहिले, तर न्यायाधीश विचारणारच की इतके दिवस कसे निभावले. उशिराला कारण असेल, जसे की आजारपण, अंतर्गत तक्रारीच्या उत्तराची प्रतीक्षा किंवा वकिलाचा शोध, तर ते आपणहून सांगावे.

अर्जासोबत कोणकोणती कागदपत्रे हवीत?

मूळ दावा, अर्ज, कायदेशीर मुद्द्यांचे टिपण, शपथेवरील निवेदन, पुराव्याची जोडपत्रे आणि हव्या असलेल्या आदेशाचा मसुदा. दावाच दाखल नसेल तर अंतरिम अर्ज उभा राहत नाही. अर्जात मागितलेला आदेश दाव्यातल्याच गाऱ्हाण्याशी जोडलेला असावा लागतो. दावा भाषणस्वातंत्र्याचा आणि मागणी पार्किंगच्या दंडाला स्थगितीची, असे चालत नाही.

या गठ्ठ्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शपथेवरील निवेदन, आणि सर्वांत घाईत लिहिला जातो तोही हाच. त्यासाठी नोटरीकडे जाण्याची गरज नाही. संघीय कायद्याच्या २८ व्या शीर्षकातील कलम १७४६ प्रमाणे ‘वरील मजकूर खरा व बरोबर आहे, असे मी खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून जाहीर करतो’ अशा अर्थाचे ठरावीक इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही पुरेशी असते. साक्षीदार पुण्यात किंवा पणजीत बसून सही करणार असेल, तर त्याच वाक्यात ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायद्यांनुसार’ या अर्थाचे शब्द घालावे लागतात. ते राहिले तर समोरचा वकील निवेदनावर हरकत घेऊ शकतो.

निवेदन क्रमांक घातलेल्या छोट्या परिच्छेदांत लिहावे. एका अर्जाच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होते: ‘पोलिसांनी मला सूडबुद्धीने धमकावले.’ दुसऱ्या मसुद्यात त्याचे चार परिच्छेद झाले: किती वाजता, कोणत्या दारापाशी, गणवेशावरचे नाव काय, आणि अधिकाऱ्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. ‘सूडबुद्धी’ हा शब्द टिपणात गेला, कारण तो निष्कर्ष आहे आणि निष्कर्षावर साक्ष देता येत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते दार उभे राहिले, आणि सूड हा शब्द न वाचताही त्याला तो दिसू लागला.

आदेशाचा मसुदा कसा लिहावा?

नियम ६५ नुसार मनाई हुकुमातली प्रत्येक अट स्पष्ट असावी लागते आणि कोणती कृती करायची किंवा टाळायची हे त्या आदेशातच, दाव्याचा हवाला न देता, लिहिलेले असावे लागते. ‘प्रतिवादींनी वादीचे हक्क पायदळी तुडवू नयेत’ हा आदेश कोणताही न्यायाधीश देणार नाही, कारण तो कधी मोडला गेला हे कोणालाच ठरवता येणार नाही. त्याऐवजी: ‘अमुक तारखेच्या नोटिशीच्या आधारे, नगर परिषदेच्या खुल्या सभांच्या वेळी वादीला सिटी हॉलमध्ये प्रवेश नाकारू नये अथवा अटक करू नये, सभेत प्रत्यक्ष व्यत्यय आणल्यास सर्वांना लागू असलेले नियम वादीलाही लागू राहतील.’ शेवटचा भाग आपणहून लिहिला की शहराचा निम्मा युक्तिवाद आधीच निकालात निघतो.

मागणी जितकी आटोपशीर, तितकी ती मिळण्याची शक्यता जास्त. सध्याची स्थिती राखणारा आदेश मिळणे तुलनेने सोपे असते. प्रतिवादीला काही नवे करायला लावणारा आदेश मागितला, तर अनेक सर्किट न्यायालये अधिक ठोस पुरावा मागतात.

वकील नाही म्हणून न्यायालय सांभाळून घेते का?

मजकूर वाचताना घेते, नियम लावताना घेत नाही. १९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नर आणि २००७ च्या एरिक्सन विरुद्ध पार्डस या निकालांप्रमाणे वकिलाविना लिहिलेला दावा उदारपणे वाचला जातो. पण साध्या दिवाणी प्रकरणांत वकील नसलेल्यांच्या चुका माफ व्हाव्यात असा प्रक्रियेच्या नियमांचा अर्थ लावलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या मॅक्नील प्रकरणात बजावले आहे. मुदती, पानांची मर्यादा, समोरच्याला प्रती पोहोचवणे, हे सारे वकिलाइतकेच तुम्हालाही बंधनकारक आहे.

संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम ११ खाली, कागदावर सही करणाऱ्याची मजकुराबद्दलची जबाबदारीही तेवढीच आहे. चॅटबॉटकडून टिपण लिहून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु त्यात अस्तित्वातच नसलेले निकाल येतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात असे बनावट निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. उल्लेख केलेला प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचावा. कोर्टलिसनरसारख्या संकेतस्थळावर बरेच निकाल विनामूल्य मिळतात.

फी किती? ती माफ होते का?

नवा दिवाणी दावा दाखल करण्यासाठी ४०५ डॉलर लागतात. ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो, आणि तो मंजूर झाला तर समन्स बजावण्याचे काम मार्शलकडून, म्हणजे संघीय न्यायालयांचे आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्याकडून, करून घेता येते. मात्र फीमाफीच्या प्रकरणांत न्यायालय दावा निराधार तर नाही ना, हे स्वतःहून तपासते, आणि अनेक जिल्ह्यांत ही तपासणी होईपर्यंत समन्स निघत नाही. तोवर अंतरिम अर्ज पडून राहू शकतो. खरोखर तातडी असेल तर अर्जाच्या पहिल्या पानावर, शीर्षकातच, निर्णय कोणत्या तारखेपूर्वी हवा ते ठळक लिहावे आणि क्लार्कच्या खिडकीवर तोंडीही सांगावे. क्लार्क कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, पण तातडीचे अर्ज न्यायाधीशांच्या दालनात कसे पोहोचतात, हे विचारायला हरकत नसते.

याशिवाय नियम ६५ मध्ये तारणाची तरतूद आहे: हुकूम चुकीचा ठरला तर समोरच्याचे नुकसान भरून देण्यासाठीची रक्कम. नागरी हक्कांच्या प्रकरणांत न्यायाधीश अनेकदा ती नाममात्र ठेवतात किंवा माफ करतात, पण त्यासाठी अर्जात दोन वाक्ये लिहून तशी विनंती करावी.

राज्याच्या न्यायालयात माझ्यावर खटला चालू आहे. संघीय न्यायालय तो थांबवेल का?

जवळजवळ कधीच नाही. १९७१ च्या यंगर विरुद्ध हॅरिस निकालापासून, राज्यात चालू असलेल्या फौजदारी खटल्यात संघीय न्यायालये हस्तक्षेप टाळतात. घटस्फोट, मुलांचा ताबा, घर रिकामे करण्याचे आदेश यांबाबतही वाट बहुधा बंदच असते. न्यायाधीशाविरुद्ध मनाई हुकूम मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की १९९६ च्या दुरुस्तीने कलम १९८३ मध्येच तशी मनाई घातली आहे, अगदी मोजके अपवाद सोडून.

तुरुंगातील व्यक्तीसाठी नियम वेगळे आहेत का?

आहेत. प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्टप्रमाणे तुरुंगातली अंतर्गत तक्रार प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते. अंतरिम आदेश गरजेपुरता आणि कमीत कमी हस्तक्षेप करणारा असावा लागतो, आणि तो अंतिम न झाल्यास ९० दिवसांनी आपोआप संपतो. ही तारीख आदेश मिळाल्या दिवशीच लिहून ठेवावी.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना हा मार्ग खुला आहे का?

केंद्र सरकारविरुद्ध कलम १९८३ चालत नाही, पण अंतरिम आदेशाच्या कसोट्या त्याच असतात. एप्रिल २०२५ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ (त्यांची माहिती ठेवणारी सरकारी संगणक प्रणाली) मधील नोंदी अचानक रद्द झाल्या, तेव्हा देशभरातील जिल्हा न्यायालयांनी टीआरओ दिले, आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी नोंदी पूर्ववत केल्या जात असल्याचे न्यायालयांत सांगितले. भारतीय विद्यार्थीही त्यांत होते. नोंद रद्द होणे ही जिल्हा न्यायालयात नेता येणारी बाब ठरली. देशाबाहेर काढण्याच्या आदेशाला मात्र थेट सर्किट न्यायालयात आव्हान द्यावे लागते. या विषयात एकट्याने उतरू नये असे मला मनापासून वाटते. निदान एकदा तरी विद्यापीठाच्या कायदा मदत केंद्रात जावे.

माझे आईवडील किंवा आमचे मंडळ यांच्या वतीने मी बोलू शकतो का?

नाही. कायद्याने माणूस स्वतःची बाजू स्वतः मांडू शकतो, दुसऱ्याची नाही. मुलाला आईच्या दाव्यावर सही करता येत नाही, आणि नोंदणीकृत महाराष्ट्र मंडळाला संघीय न्यायालयात वकिलाशिवाय उभेच राहता येत नाही, मग अध्यक्ष कितीही तयारीचे असोत.

भाषेचाही प्रश्न इथेच सांगितला पाहिजे. सरकारी खर्चाने दुभाषा देण्याची १९७८ च्या कायद्यातली तरतूद सरकारने सुरू केलेल्या कामकाजापुरती आहे. दावा तुम्ही दाखल केला असेल तर मराठी दुभाष्याची सोय बहुधा स्वतःच करावी लागते. आईचे निवेदन मराठीत असेल तर मूळ मराठी, इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचे प्रमाणपत्र, असे तिन्ही कागद एकत्र जोडावेत.

सुनावणीत काय होते?

कधी सुनावणीच होत नाही आणि निर्णय कागदांवर दिला जातो. म्हणूनच कागद स्वयंपूर्ण हवेत. झालीच, तर पुराव्याचे नियम पूर्ण खटल्याइतके काटेकोर लावले जात नाहीत. न्यायाधीश बहुधा थेट विचारतात: आज मी आदेश दिला नाही तर तुमचे काय होईल? या एका प्रश्नाचे दोन वाक्यांतले उत्तर घरी मोठ्याने म्हणून पाहावे. मागचा इतिहास विचारला तरच सांगावा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे, अंदाज सांगू नये.

अर्ज फेटाळला तर?

दावा संपत नाही. पुढे नवी घटना घडली तर पुन्हा अर्ज करता येतो. इंजंक्शन नाकारल्याच्या आदेशावर लगेच अपील करता येते: ३० दिवसांत, आणि केंद्र सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांत. टीआरओ नाकारल्यावर सहसा अपील होत नाही. अपील न्यायालय वस्तुस्थिती नव्याने तपासत नाही, म्हणून पहिल्या अर्जात नसलेला पुरावा तिथे उपयोगी पडत नाही.

हुकूम मिळाला, पण प्रतिवादी तो पाळत नाही. आता?

आदेश पक्षकारांवर, त्यांच्या अधिकाऱ्यांवर आणि आदेशाची माहिती असूनही त्यांना साथ देणाऱ्यांवर बंधनकारक असतो. म्हणून आदेशाची प्रत शहराच्या वकिलाबरोबरच सिटी क्लार्क आणि पोलिस प्रमुख यांनाही पाठवावी, आणि पाठवल्याचा पुरावा जपावा. सभेला जाताना एक प्रत खिशात ठेवावी. दारावर अडवले तर हुज्जत घालू नये. प्रत दाखवावी, वेळ आणि नाव टिपावे, परत फिरावे, आणि त्याच रात्री, आठवण ताजी असताना, नवे शपथेवरील निवेदन लिहावे. दुसऱ्या दिवशी अवमानाचा अर्ज दाखल करताना आदेशाचे कोणते वाक्य मोडले गेले ते शब्दशः उतरवून, त्याखाली काय घडले हे लिहावे.